सिनेमाच्या पडद्यावर सातबारा

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही महा ई-सेवा केंद्रात सातबारा काढायला जा. केंद्रवाला उतारा उघडतो आणि माउसचं चाक फिरवत बसतो. गट नंबर वर सरकला की खातेदार दिसतात, खातेदार गेले की पीकपाहणी. दोन्ही बाजूंना मात्र जागा रिकामी. कागद उभा, पडदा आडवा.

कारण या पडद्याचं कूळ कचेरीतलं नाही, सिनेमातलं आहे. 1892च्या सुमारास एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सनने 35 मिमी फिल्मवर चारास तीन अशी चौकट ठरवली. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) त्याच चौकटीतला. पुढे तीच टीव्हीने उचलली आणि टीव्हीची काचनळी वापरणाऱ्या कॉम्प्युटरकडे ती वारशाने आली. इंचांचं तिरकं मापही त्या नळीचंच. आरंभी नळीचं तोंड गोल असे, म्हणून व्यास सांगत. तोंड चौकोनी झालं आणि व्यासाच्या जागी कर्ण आला.

टीव्हीने प्रेक्षक पळवले तेव्हा 1950च्या दशकात सिनेमाने पडदा रुंदावला. आपल्याकडे ‘कागज के फूल’ (1959) सिनेमास्कोपमध्ये आला. 1980च्या दशकात अमेरिकी अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी जुन्या आणि रुंद चौकटींचा मध्य काढला: सोळास नऊ. टीव्हीने तो स्वीकारला. 2010च्या सुमारास मॉनिटरही त्याच वाटेने गेले. काचेच्या मोठ्या पत्र्यातून टीव्ही आणि मॉनिटर एकाच प्रमाणात कापणं कारखान्यांना परवडत होतं.

कागदासारखा उभा पडदाही एकदा बनला होता. 1973चा आल्टो कॉम्प्युटर, तोही झेरॉक्स कंपनीचा! पण तो बाजारात विकायला आलाच नाही. आपल्या गल्लीत पोचलं ते फक्त कंपनीचं नाव.

म्हणून मॉनिटर घेताना नुसते इंच विचारू नयेत. पाचास चार प्रमाणाचा जुना 17 इंची पडदा साधारण 10.6 इंच उंच असे. आजचा रुंद 18.5 इंची जेमतेम 9.1 इंच भरतो. आकडा वाढला, उंची घटली. सिनेमा बघायचा तर हरकत नाही. उतारे काढायचे असतील तर दुकानात जाताना ए-फोरचा कोरा कागद सोबत न्यावा आणि पडद्याला उभा लावून पाहावा. तो 11.7 इंचांचा, 24 इंची रुंद पडदा 11.8 इंच उंच. तेव्हा कुठे कागद पुरता मावतो.