मातृत्व-अनुदानाच्या अटी : मुदखेडच्या संदर्भात एक टिपण

बाळंतपणासाठी सार्वजनिक पैसा खर्ची पडावा हा विचार आपल्याकडे नवा नाही. तो पैसा कोणाच्या हाती द्यावा, याविषयीची कल्पना मात्र वारंवार पालटत गेली आहे. मुदखेडसारख्या गावाच्या बाजूने पाहिल्यास, अनुदानाच्या रकमेपेक्षा त्याच्या अटींचाच इतिहास अधिक बोलका वाटतो.

१८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या निधीतून प्रामुख्याने शहरांतील जनाना दवाखाने व स्त्री-डॉक्टर यांची सोय झाली. खेड्यातील सुईण ही त्या मंडळींच्या लेखी बहुधा दोषास पात्र होती. तिला शिकविण्यासाठी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी निघाला. मुदखेड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. १९४८ मध्ये ते राज्य भारतात विलीन झाले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९४६ मध्ये, भोर समितीने देशातील मातामृत्यूचे प्रमाण हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० असल्याचा अंदाज दिला होता. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली. पण पैसा संस्थेकडेच जात राहिला.

तो प्रत्यक्ष मातेच्या नावे देण्याचे धोरण देशव्यापी झाले १९९५ च्या राष्ट्रीय मातृत्व लाभ योजनेने. दारिद्र्यरेषेखालील गर्भवतीस आरंभी ३०० व पुढे ५०० रुपये मिळत. अट अशी की तिचे वय किमान १९ असावे आणि लाभ पहिल्या दोन अपत्यांपुरताच. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. महाराष्ट्रासारख्या राज्यांत दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण स्त्रीस संस्थेतील प्रसूतीबद्दल ७०० रुपये ठरले, आणि वयाची व अपत्यांची जुनी अट तशीच पुढे चालली. लहान कुटुंबाच्या धोरणाशी ती सुसंगत होती, यात शंका नाही. परंतु अठराव्या वर्षी प्रसूत होणारी मुलगी आणि पाचव्या खेपेची बाळंतीण यांनाच धोका अधिक, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्यांना सुरक्षिततेची गरज अधिक, त्यांनाच सुरक्षेच्या नावाची योजना बाहेर ठेवीत होती. ही अट उठली मे २०१३ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी.

राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मधील लाखामागे १३० वरून २०१८-२० मध्ये ३३ वर आले. त्याचे सारे श्रेय या रकमेस देणे धाडसाचे होईल. रस्ते, रुग्णवाहिका, शिक्षण व विवाहाचे वाढते वय यांचाही त्यात वाटा आहे.

मुदखेड हे जंक्शन. येथून रेल्वेचा एक फाटा किनवटमार्गे आदिलाबादकडे जातो. किनवटच्या आदिवासी भागात नवसंजीवनी योजनेखालील मातृत्व अनुदान निराळे मिळे, काही रोख व काही औषधरूपाने. मुदखेडच्या मजूर स्त्रीस ते लागू नव्हते. एकाच लोहमार्गावर नियम असे दोन.

२०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, हप्त्यांनी, देऊ केले. आता पहिले बाळंतपण माहेरी, हा तर आपला रिवाज. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावी, अखेरच्या तपासण्या व जन्माची नोंद माहेरी, बँकेचे खाते कदाचित तिसऱ्याच नावाने, लग्नापूर्वीच्या. योजनेने निवडलेले नेमके तेच बाळंतपण दोन गावांत विभागलेले असते, आणि कागद जुळविण्याचे काम गावच्या आशा कार्यकर्तीकडे येते.