जर्मल, तुरटी आणि तूर

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपवर पाटी आहे, 'येथे आर्गन वेल्डिंग करून मिळेल'. आत मिस्त्री एका जुन्या मोटारीसाठी इनटेक मॅनिफोल्ड घडवत होते. एक लांबट पोकळ पेटी, तिच्यातून निघालेल्या चार नळ्या, आणि नळ्यांच्या तोंडांशी इंजिनाच्या हेडवर बसणारी जाड पट्टी. पेटीत शिरलेली हवा चार सिलिंडरांना वाटून द्यायची, एवढे त्याचे काम. लोखंडाचे का करत नाही, असे मी विचारले. "वजन वाढतं, सर. अन् हेडबी जर्मलचंच हाय."

जर्मल! आजीच्या स्वयंपाकघरानंतर हा शब्द पहिल्यांदाच कानावर पडला. जर्मलचे पातेले, जर्मलचा डबा. कोणी 'जर्मन' म्हणत, कोणी 'जर्मल'; अर्थ एकच, अ‍ॅल्युमिनियम. मूळ 'जर्मन सिल्व्हर' ही तांबे, जस्त आणि निकेल यांची मिश्रधातू. तिच्यात चांदी औषधालाही नाही आणि अ‍ॅल्युमिनियमही नाही. पण पांढरे, चकचकीत आणि चांदीहून स्वस्त भांडे म्हणजे जर्मन, हे एकदा डोक्यात बसले. मागून अ‍ॅल्युमिनियम आले तेव्हा ते तयार नाव त्याला आपसूक मिळाले.

खरे नाव लॅटिन 'अलुमेन'वरून आले आहे. अलुमेन म्हणजे तुरटी. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये, धातू हाती येण्याच्या आधीच, तिला 'अल्युमियम' म्हटले. १८१२ मध्ये स्वतःच बदलून 'अल्युमिनम' केले. अमेरिकेने ते ठेवले, बाकी बहुतेकांनी 'अल्युमिनियम' पसंत केले. कसेही उच्चारा, अर्थ 'तुरटीतली धातू' हाच.

आणि तुरटी म्हणजे? जिभेला तुरट लागते ती. तुरट हा शब्द संस्कृत 'तुवर'पासून आला आहे. त्याचेच स्त्रीलिंगी रूप 'तुवरी'. संस्कृतात या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला, तुरटीची माती. रसशास्त्राच्या ग्रंथांत 'उपरस' या खनिजगटात तुवरी येते, आणि ती सौराष्ट्रात सापडते म्हणून तिला 'सौराष्ट्री'ही म्हणत. दुसरा अर्थ आपल्या ताटातला: तूर. शेजारचे गुजराती आजही 'तुवेर' म्हणतात. म्हणजे ज्या चवीने तुरटीला नाव दिले, तिनेच तुरीलाही दिले.

हे कळले तेव्हा मला बदनापूर आठवले. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लागणारे हे गाव. तिथल्या कृषी संशोधन केंद्रात 'बीडीएन ७११' ही तुरीची जात तयार झाली. बीडीएन ही अक्षरे बदनापूरचीच. मिस्त्रींच्या टेबलावरची धातू आणि त्या वाटेवरची तुरीची शेते यांच्यामध्ये एक चव उभी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. परक्या नावाच्या धातूचा अर्थ सांगायला मराठीला दूर जावे लागत नाही.

जोडकामाला मात्र ही धातू अवघड. लोखंड तापताना लाल होऊन इशारा देते. अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता एकाएकी वितळते, ६६० अंश सेल्सिअसला. तिच्या अंगावर ऑक्साइडची पातळ साय असते, आणि ती वितळायला २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. आतली धातू पाणी झाली तरी वरची साय तशीच. ही साय आणि कुरुंदाचा दगड रसायनाने एकच. कुरुंद म्हणजे धार लावायच्या साणेतला दगड. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द इथूनच, तमिळ 'कुरुंदम्'वरून, तिकडे गेला. ही साय सहजी वितळत नाही, म्हणून मिस्त्री आधी स्टीलच्या ब्रशने ती खरवडतात आणि मशीन एसीवर ठेवतात. उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या एका फेरीत साय फुटते, दुसरीत धातूला उष्णता मिळते.

तेवढ्यात हवा पुन्हा चिकटू नये म्हणून वरून आर्गन सोडायचा. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी हा वायू शोधला. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून ग्रीक 'आर्गोस'वरून त्याला नाव दिले. त्यात 'अ' म्हणजे नाही आणि 'एर्गॉन' म्हणजे काम. हा नकाराचा 'अ' आपल्या 'अचल', 'अबोल'मधलाच. काम न करणारा वायू, आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत त्याचेच नाव!

इंग्रजी 'वेल्ड' हे उकळणे या अर्थाच्या जुन्या 'वेल'चे बदललेले रूप आहे. पारिभाषिक मराठीत वेल्डिंगला 'वितळजोडकाम' म्हणतात. शब्द अचूक आहे, पण वर्कशॉपमध्ये तो मी कधी ऐकला नाही. तिथे झाळणे हे क्रियापद जुन्या लोकांच्या तोंडी होते, झाळ म्हणजे ज्वाळेशी नाते सांगणारे. गळक्या घागरीला 'डाग' देत. फारसीत 'दाग' म्हणजे भाजल्याची खूण. 'डागडुजी'तही तोच डाग आहे, आणि 'डुजी' हे फारसी 'दोजी', म्हणजे शिवण. जरदोजीत सोन्याची, डागडुजीत डागाची. मिस्त्रींनी पोराला सांगितले, "आधी चारी नळ्यांना टाके मार, मग पूर्ण भर." इंग्रजी 'टॅक' आणि मराठी 'टाका' इथे एकमेकांत मिसळून गेले आहेत. फारसीतला शिंपी आणि जालन्यातला वेल्डर, दोघांनाही जोडणे म्हणजे शिवणेच वाटले.

टाके मारण्याआधी त्यांनी हेडवर बसणारी पट्टी एका जाड लोखंडी प्लेटवर बोल्टांनी आवळली होती. वितळलेली धातू थंड होताना आखडते आणि पट्टी वाकते. वाकली की हेडवर सपाट बसत नाही, फटीतून जास्तीची हवा शिरते आणि इंजिन धडधडते. सगळे निवाल्यावरच त्यांनी बोल्ट सोडले, आणि तरीही पट्टीचे तोंड मिलिंग मशीनवर सपाट करून घेतले.

दुसऱ्या दिवशी नळ्यांची तोंडे बंद करून आत हवा भरली आणि सांध्यांवरून साबणाचे पाणी फिरवले. तिसऱ्या नळीच्या मुळाशी एक बारीक फुगा आला. मिस्त्री वाकून बघत म्हणाले, "इथं एक डाग द्यावा लागंल."