जास्त स्वच्छतेमुळे खरंच रोगप्रतिकारशक्ती कमी होते का?

‘आम्ही लहानपणी मातीत लोळलो, कुठल्याही नळाचं पाणी ओंजळीने प्यायलो, आम्हाला कुठे काय झालं?’ अशा अर्थाचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतात. शेवटी ठरलेला टोला असतो: आजची मुलं आरओचं पाणी आणि सॅनिटायझरमुळे नाजूक झाली.

यात एक गोष्ट सोयीस्करपणे सुटते. ज्यांना ‘काही झालं’, त्यातले अनेक जण मेसेज पाठवायला उरलेच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ मध्ये, भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १०९ मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावत होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा ४२ वर आला. लसी, जुलाबावरची ओआरएसची पाकिटं, स्वच्छ पाणी आणि संडास यांचा त्यात मोठा वाटा आहे.

तरीही हा मेसेज अगदीच हवेतला नाही. त्यामागे खरं संशोधन आहे, फक्त ते भलत्याच गोष्टीला चिकटवलं जातं.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये एक छोटा लेख प्रसिद्ध केला. मार्च १९५८ मध्ये जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंतची माहिती त्यांनी तपासली होती. प्रश्न होता ‘हे फीवर’चा. नावात ताप असला तरी हा ताप नव्हे. परागकणांमुळे येणाऱ्या शिंका, वाहणारं नाक आणि डोळ्यांची खाज म्हणजे हे फीवर. घरात थोरली भावंडं जितकी जास्त, तितका हा त्रास कमी, असं त्यांना आढळलं. थोरल्यांकडून लहानपणीच मिळणारे किरकोळ संसर्ग धाकट्यांना वाचवत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. पुढे त्याला ‘हायजीन हायपोथेसिस’ हे नाव चिकटलं.

स्ट्रॅचन बोलत होते ते अ‍ॅलर्जीबद्दल. अ‍ॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणं नव्हे. परागकण, धूळ, शेंगदाणा अशा निरुपद्रवी गोष्टींना शत्रू समजून शरीराने उगाच हल्ला चढवणं म्हणजे अ‍ॅलर्जी. पहारेकरी दुबळा नाही, पण पाहुण्यालाही लाठी मारतो, असा हा प्रकार.

या पहारेकऱ्याला आवरणाऱ्या पेशीही शरीरात असतात. त्यांना ‘रेग्युलेटरी टी सेल्स’ म्हणतात आणि २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच पेशींशी संबंधित संशोधनाला मिळालं. प्रतिजैविकं, सिझेरियन, अंगावरचं दूध कमी मिळणं, बंद घरातलं आयुष्य यांमुळे लहान मुलांचा उपयुक्त जिवाणूंशी संबंध घटतो आणि आवर घालण्याची ही यंत्रणा नीट तयार होत नाही, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं. ग्रॅहम रुक यांनी २००३ मध्ये या जिवाणूंना ‘जुने मित्र’ म्हटलं. माती, जनावरं आणि माणसाचं आतडं यांत हजारो वर्षं सोबत राहिलेले हे जीव आहेत. गोवर, कॉलरा, टायफॉइड या यादीत बसत नाहीत.

आमिश आणि हटराइट

याचं सर्वात बोलकं उदाहरण अमेरिकेत सापडलं. आमिश आणि हटराइट हे दोन्ही समाज युरोपातून आलेले शेतकरी. वंश मिळताजुळता, आहार सारखा, कुटुंबं मोठी. फरक शेतीच्या पद्धतीत. आमिश घोडे जुंपून शेती करतात आणि त्यांचे गोठे घराजवळ असतात. हटराइटांची शेती सामुदायिक आणि पूर्ण यांत्रिक. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हटराइट शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण साधारण २१ टक्के होतं, तर आमिश मुलांत ५ टक्के. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या आवरणातला एंडोटॉक्सिन हा घटक जवळपास सात पट होता. ही धूळ उंदरांच्या नाकात सोडली तेव्हा त्यांनाही दम्यासारख्या लक्षणांपासून संरक्षण मिळालं.

मात्र गोठ्याची धूळ आणि गटाराचं पाणी एक नव्हे. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाचं आतडं सुजतं, अन्न अंगी लागत नाही आणि वाढ खुंटते. गोवर तर उलटंच करतो: त्या विषाणूने मुलांच्या शरीरातल्या आधीच्या आजारांविरुद्धच्या ११ ते ७३ टक्के अँटिबॉडी पुसून टाकल्याचं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. ‘आजारपणाने शरीर कणखर होतं’ ही समजूत इथे पार आडवी होते.

काविळीचा पेच

एक अडचण मात्र खरी आहे. दूषित पाण्यातून पसरणारी हेपटायटिस ए ही कावीळ लहानपणी झाली तर बहुतेकदा कळतही नाही, आणि पुढे जन्मभर संरक्षण राहतं. पाणी सुधारलं की मुलं या संसर्गातून सुटतात आणि मग तोच विषाणू पंचविशीत-तिशीत गाठतो. तेव्हा कावीळ जोरदार होते, क्वचित यकृत निकामी होतं. २०२४ मध्ये केरळमधल्या उद्रेकांत मोठ्या माणसांनाही हा फटका बसला. यावर इलाज म्हणजे लस. मुलांना पुन्हा घाण पाणी पाजा, असं कोणताही डॉक्टर सांगणार नाही.

रोजच्या घरात प्रश्न स्वच्छता किती यापेक्षा कुठे आणि कधी याचा आहे. संडासाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, कच्चं चिकन-मासे हाताळल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं गरजेचं. त्याने जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटतं. फरशीवर दिवसातून तीनदा जंतुनाशक ओतण्याचा असा काही फायदा दिसत नाही. ‘अँटिबॅक्टेरियल’ साबणासाठी जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी: ट्रायक्लोसानसह १९ घटक साध्या साबणापेक्षा सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये त्यांचा घरगुती साबणांतला वापर थांबवला.

आणि माती? फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडी टाकलेल्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून अंथरली. तीन ते पाच वर्षांची मुलं त्यात रोज खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातही प्रतिकारशक्तीला आवर घालणारे घटक वाढल्याची चिन्हं दिसली. अ‍ॅलर्जी खरोखर कमी होते का, हे कळायला त्या मुलांना आधी मोठं व्हावं लागेल.