सहकारी संस्थेची नोंदणी : पूर्वेतिहास व विधि

परस्परांस साहाय्य करण्याची रीत आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलुखांत नवीन नव्हे. लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतांत राबणें, घर शाकारण्यास साऱ्या वाडीनें मिळून जाणें, भिशी लावणें, हें सर्व पूर्वापार चालत आलेलें आहे. परंतु भिशी चालते ती एका विश्वासू गृहस्थाच्या नांवावर. तो परगांवीं गेला किंवा वारला, म्हणजे हिशेबहि त्याच्याबरोबर जातो. ही उणीव सहकारी संस्थेची नोंदणी भरून काढते. तिचा इतिहास व विधि वाचकांस थोडक्यांत निवेदन करावा, असा आमचा हेतु आहे.

१८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले, तेव्हां ह्या दुखण्याकडे सरकारचें लक्ष वेधलें. जर्मनींत राइफाइजेन ह्या सद्गृहस्थानें खेड्यापाड्यांत काढलेल्या पतपेढ्यांचा नमुना पुढें ठेवून १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला. त्याच्या आधारें १९०५ सालीं, तत्कालीन मुंबई इलाख्यांतील गदगजवळच्या कणगिनहाळ गांवीं, पतपेढी निघाली. १९१२ च्या कायद्यानें पतपेढीखेरीज इतर उद्देशांच्या संस्थांसहि द्वार खुलें केलें, आणि १९२५ सालीं मुंबई इलाख्यानें आपला स्वतंत्र कायदा केला. आज चालतो तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा असून २६ जानेवारी १९६२ पासून तो अमलांत आहे.

आमच्या समाजास अभिमान वाटावा असें उदाहरण उत्तर कोंकणांत वसईस घडलें. १९१८ सालीं मॉन्सिनियर पी. जे. मोनीस ह्यांनीं तेथें जी कॅथलिक सहकारी पतपेढी स्थापिली, तीच पुढें बेसिन कॅथलिक सहकारी बँक झाली. धर्मगुरूचा शब्द भाविकांस प्रमाण असतो. तथापि केवळ त्या शब्दावर न विसंबतां तो विश्वास कायद्याच्या चौकटींत बसविला गेला. म्हणूनच संस्थापकांच्या मागें संस्थेनें शंभरी ओलांडली.

आतां नोंदणीचा क्रम पाहूं. प्रथम, निरनिराळ्या कुटुंबांतील निदान दहा सज्ञान इसमांनीं सभा भरवून एक मुख्य प्रवर्तक निवडावा व सभेचा वृत्तांत लिहून ठेवावा. नंतर सहायक निबंधकांकडून नांव राखून घेऊन बँकेंत खातें उघडण्याची परवानगी मिळवावी, व भागभांडवल त्याच खात्यांत भरावें. मग विहित नमुन्यांतील अर्ज, पोटनियमांच्या चार प्रती, सभासदांची यादी व बँकेचा दाखला सादर करावा. पोटनियम म्हणजे संस्थेचा आत्मा होय. ते दुसऱ्याचे उतरून न घेतां प्रत्येक कलम सभासदांस वाचून दाखवावें. निबंधकांनीं दोन महिन्यांत नोंदणी करावी, असें कायदा सांगतो. नाकारावयाची झाल्यास कारणें कळवावीं लागतात, व त्यावर अपील करतां येतें. प्रमाणपत्र हातीं आल्यावर तीन महिन्यांच्या आंत पहिली सर्वसाधारण सभा भरवावी लागते.

एवढ्या कागदांनीं काय साधतें, असें कोणी विचारील. नोंदणी होतांच संस्था ही कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति ठरते. ती स्वतःच्या नांवें जमीन घेते, करार करते, न्यायालयांत दाद मागते, आणि सभासद बदलले तरी तिचें अस्तित्व खंडित होत नाहीं. शिवाय भाग कितीहि असोत, सभासदास मत एकच. त्यामुळें धनिकाचें पारडें जड होत नाहीं. दरसाल हिशेब तपासला जातो, तो निराळाच.

२२ जुलै १९२१ नव्हे, तर २२ जुलै २०२१ चा तो काळा दिवस आमच्या तालुक्यास विसरतां येणार नाहीं. सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें, तळिये गांवावर डोंगर कोसळून ८० हून अधिक जीव गेले, आणि पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं माणसें नेलीं. अशा घडीं ज्याचा हिशेब केवळ एका माणसाच्या स्मरणांत असेल, त्याच्या वारसांनीं काय दाखवावें? नोंदलेल्या संस्थेंत विधवेच्या पतीचा भाग कागदावर असतो, व वारस म्हणून कोणाचें नांव द्यावें हें त्यानें हयातींतच लिहून ठेवलेलें असतें.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, आपल्या वाडीवस्तींत भिशी किंवा बचत गट चालत असेल, तर दहा कुटुंबांनीं एकदां ह्या विषयावर बसावें. प्रेमानें जोडलेलें कायद्यानें जपावें, म्हणजे तें पुढील पिढीच्या हातीं अखंड पोंचेल.