दांडीची पाटी आणि लोहमार्गाचा हिशेब

दांडी म्हटलें कीं पुष्कळांस मिठाचा सत्याग्रह आठवतो. परंतु तें दांडी गुजराथेंत, नवसारीकडे. आम्ही म्हणतों तें दांडी पालघर तालुक्यांतलें, बोईसर-तारापूरच्या बाजूचें, समुद्रकांठचें मच्छीमारांचें गांव. येथील मासळीची पाटी आगगाडीनें मुंबईस न्यावयाची तर आधीं बोईसरचें स्टेशन गांठलें पाहिजे, आणि मासळी ही कोणाची वाट पाहणारी वस्तु नव्हे. पहाटेची एक गाडी वाढली किंवा चुकली तर पाटीचा भाव फिरतो. हा नफातोटा सरकारच्या हिशेबांत कोठें मांडला जातो, असा प्रश्न आमच्या मनांत आला, आणि उत्तर शोधतां शोधतां आम्ही या लोहमार्गाच्या जन्मापर्यंत मागें गेलों.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशीं करार झाला तो १८५५ सालीं. या मार्गाचे पुरस्कर्ते कर्नल केनेडी यांचें म्हणणें असें कीं, सह्याद्रीचे घाट चढण्यापेक्षां समुद्रकांठची सपाट वाट धरावी. चढ नाहीं, म्हणून खर्च कमी. युक्तिवाद खोटा नव्हता. मात्र सपाटीवर नद्या असतात. १८६० सालीं अंकलेश्वर-उत्राण हा पहिला तुकडा सुरू झाला व १८६४ सालीं गाडी मुंबईंत ग्रँट रोडपर्यंत आली. इकडे भडोचजवळील नर्मदेच्या पुलाची पुरांनीं पुनःपुन्हां मोडतोड होई. टिकाऊ पूल व्हावयास १८८१ साल उजाडलें. या मोडतोडीचा भार कोणावर? भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी होती. जमीन सरकारनें फुकट दिलेली. उत्पन्न कमी पडेल तितकी भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरींतून व्हावयाची, म्हणजे अखेर येथल्या रयतेच्या साऱ्यांतून. लंडनच्या भागीदारास नदीचें भय बाळगण्याचें कारणच उरलें नाहीं. हिंदुस्थान सरकारचा अर्थकारभार एके काळीं पाहिलेले मेसी यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें कबूलच केलें कीं, हमी मिळाल्यावर पैसा हुगळींत गेला काय कीं विटाचुन्यांत गेला काय, भांडवलवाल्यास सारखेंच!

या हमीवर आपल्या अर्थशास्त्रज्ञांनीं झोड उठविली, तें योग्यच झालें. परंतु वाद बहुतेक व्याज आणि तूट यांभोंवतींच फिरत राहिला. ज्यूल द्युपुई या फ्रेंच इंजिनियरानें १८४४ सालींच दाखविलें होतें कीं, पुलावरून जाणाऱ्याचा लाभ त्यानें दिलेल्या जकातीहून अधिक असूं शकतो. हा अधिक लाभ जकातीच्या वहींत चढत नाहीं. दांडीची पाटी वेळेवर पोंचली, तर तिचा वाढलेला भावही तिकिटाच्या वहींत दिसावयाचा नाहीं.

तेव्हांपासून हिशेबाचा रकाना रुंद झाला आहे. २०१७ च्या मेट्रो धोरणानें केवळ तिकिटाच्या उत्पन्नाऐवजीं समाजाचा वांचलेला वेळ व खर्च जमेस धरून शेंकडा १४ परतावा मागितला. हें चांगलें; पण रकाना रुंद केला कीं फुगवावयासही जागा होते. फ्ल्यूब्येर्ग व त्यांचे सहकारी यांनीं १४ देशांतील २१० वाहतूक-कामें तपासलीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या तपासणींत रेल्वेच्या दर दहा कामांपैकीं नऊंत उतारूंचा अंदाज फुगलेला आढळला.

आतां बोईसरकडे वळूं. २०१३ सालीं उपनगरी गाडी विरारपुढें डहाणूपर्यंत आली. २०१६ च्या अखेरीस विरार-डहाणू या ६४ किलोमीटर मार्गाच्या चौपदरीकरणास मंजुरी मिळाली. अंदाज सुमारें ३,५७८ कोटी रुपयांचा. याच बोईसरजवळ मुंबई-अमदाबाद अतिवेगवान गाडीचें एक स्टेशन आंखलें गेलें. ५०८ किलोमीटरांच्या त्या मार्गाचा अंदाज पुढें १ लाख ८ हजार कोटींवर गेला, आणि २०२२ ची मुदत हुकली. जपानच्या कर्जाचें व्याज शेंकडा ०.१, मुदत ५० वर्षांची. ५ टक्क्यांपासून येथवर आलों खरे. पण कर्ज येनचें, तेव्हां नाण्याचा भाव फिरल्यास झळ आपल्याच तिजोरीला.

आमची मागणी लहानशी आहे. अंदाज करणारानें आपला आंकडा नांवानिशीं छापावा, आणि काम पुरें होऊन दहा वर्षें लोटलीं म्हणजे तिऱ्हाइतानें तो प्रत्यक्षाशीं ताडून पाहावा. त्यांतील चूक पुढच्या अंदाजांतून आधींच वजा व्हावी. चौपदरीकरणाचा हिशेब ताडणारानें एक पहाट बोईसरच्या फलाटावरही उभें राहावें, दांडीहून आलेल्या पाट्या मोजाव्या, आणि कितींना डब्यांत जागा मिळाली तें लिहून घ्यावें.