काठ्यांना नावं होती तेव्हा

१९३० साली बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूने ब्रिटन आणि अमेरिकेतल्या चार मोठ्या गोल्फ स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. वय २८. खेळायचा हौस म्हणून, बक्षिसाचे पैसे न घेता. त्याच वर्षी तो स्पर्धांमधून निवृत्तही झाला. त्याच्या काठ्यांचे दांडे लाकडी होते, हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाचे. चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायच्या काठीला, म्हणजे पटरला, त्याच्याकडे स्वतंत्र नाव होतं: 'कॅलॅमिटी जेन'.

मग जोन्स मोठा की आजचे चॅम्पियन? क्रिकेटवर असे वाद आपण रात्र रात्र घालतो आणि शेवटी "तेव्हाच्या बॅटच वेगळ्या होत्या" म्हणून उठतो. गोल्फमध्ये हा वाद निदान अर्धा तरी तपासून बघता येतो. त्या काळातल्या काठ्या अजून शिल्लक आहेत, त्यातल्या बऱ्याच खेळण्याजोग्या आहेत, आणि काही हौशी लोक मुद्दाम त्यांनीच खेळतात.

गोल्फ स्कॉटलंडचं. १४५७ साली तिथल्या संसदेने त्यावर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसायचे. गंमत अशी की १५०२ मध्ये राजा चौथा जेम्स याने गोल्फच्या काठ्या घेतल्या त्या पर्थ शहरातल्या धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून. दोन्ही कामांना वाकून परत सरळ होणारं लाकूड लागायचं. पुढे बराच काळ अ‍ॅश, हेझल अशी लाकडं वापरात होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून हिकरी आली. ही अक्रोडाच्या कुळातली. चिवट, लवचिक, धक्का सोसणारी. कुऱ्हाडीचे दांडेही तिचेच करतात.

१८४८ च्या सुमारास चेंडूही बदलला. चामड्यात पिसं ठासून भरलेल्या महागड्या चेंडूच्या जागी मलायातल्या झाडाच्या चिकापासून केलेला गट्टा-पर्चाचा स्वस्त चेंडू आला. पिसांचा चेंडू लोखंडी काठीने फाटायचा, हा फाटत नव्हता. त्यामुळे लोखंडी काठ्यांचा वापर वाढला. खेळ स्कॉटलंडचा, लाकूड अमेरिकेचं, चीक मलायाचा: साम्राज्याचा व्यापार एका पिशवीत मावत होता. आणि साम्राज्याच्या वाटेनेच खेळ आपल्याकडे आला. कलकत्त्यात गोल्फ क्लब १८२९ मध्ये निघाला, मुंबईत १८४२ मध्ये.

तेव्हाच्या काठ्यांना नंबर नव्हते, नावं होती. ब्रॅसी (तळाला पितळेची पट्टी असायची म्हणून), स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक. दांडा हाताने तासलेला, त्यामुळे दोन मॅशी कधी सारख्या नसत. एक जरा जास्त वाकायची, दुसरी कमी. खेळाडू एकेक काठी हातात तोलून निवडायचा, आणि आवडती सापडली की वर्षानुवर्षं सांभाळायचा.

मग पोलाद आलं. पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२४ मध्ये मान्यता मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये. लोकांची लाकडाची सवय सुटेना, म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच पोलादी दांड्यांवर लाकडी रंगाचं आवरण चढवायचे. पण कारखान्यातून एकसारखे दांडे निघू लागले, तशी नावं जाऊन नंबर आले. प्रत्येक अंतरासाठी वेगळी काठी घेता येऊ लागली, पिशव्या फुगल्या, आणि अमेरिकेत १९३८ पासून १४ काठ्यांची मर्यादा घालावी लागली. आधी एकाच मॅशीने चार तऱ्हेचे फटके मारावे लागायचे. ते कसब आता खेळाडूच्या मनगटातून पिशवीत गेलं.

हिकरीचा छंद म्हणजे हे कसब परत हातात येतं का, ते बघणं. हिकरीचा दांडा वाकतो तसाच पिळतोही. घाई केली की काठीचं डोकं मागे राहतं आणि चेंडू भलतीकडे जातो. त्यामुळे लय संथ ठेवावीच लागते. जुनी काठी घेताना दांडा सरळ आहे का ते डोळ्यासमोर धरून पाहतात, डोकं खुळखुळतं का ते हलवून ऐकतात. लोखंडावर कारागिराची खूण शोधतात: सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्टची चिलीम, लेव्हनच्या निकोलचा हात. गंज काढायच्या नादात फार घासलं तर ही खूणच पुसली जाते. दांड्याला जवसाचं तेल लावायचं, सुटलेला दोरा पुन्हा गुंडाळायचा, आणि चेंडू मऊच वापरायचा. अमेरिकेत २००० पासून अशा खेळाडूंची संघटना आहे, आणि २००५ पासून स्कॉटलंडमध्ये वर्ल्ड हिकरी ओपन सुरू झाली.

पण जुन्याच्या प्रेमात एक धोका असतो. लोखंडावर कारागिराची खूण राहिली. पिशव्या वाहणाऱ्या कॅडी पोरांची कुठेच नाही. १८९६ च्या यूएस ओपनमध्ये जॉन शिपेन हा कृष्णवर्णीय तरुण खेळायला उतरला, तेव्हा काही गोऱ्या खेळाडूंनी माघारीची धमकी दिली होती. तोही कॅडीच होता. १९१३ मध्ये फ्रान्सिस विमे या २० वर्षांच्या माजी कॅडीने हॅरी वॉर्डन आणि टेड रे या इंग्रज दिग्गजांना हरवून हीच स्पर्धा जिंकली. त्याची पिशवी वाहत होता एडी लोवरी, वय वर्षं १०.

हेही त्याच हिकरीच्या दिवसांतलं आहे. जुनी मॅशी हातात घेतली की जोन्सचा फटका किती अवघड होता ते मनगटाला कळतं. ती पिशवी किती जड होती, हे मात्र ती खांद्यावर घेऊन १८ होल चालल्याशिवाय कळत नाही. म्हणून हिकरी खेळायचीच असेल, तर पिशवी स्वतः उचलावी.