वजनकाट्याला न दिसलेली गोष्ट

पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "मोजणार काय आहात? आणि जे मोजणार नाही, त्याचं काय?" हा प्रश्न किती महागात पडू शकतो, ते कोंबडीच्या खाद्याच्या इतिहासात दिसतं.

साल १९४८. अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून मिळवलेलं ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक नुकतंच जगासमोर आलं होतं. तिथल्या संशोधनाची धुरा अनेक वर्षं आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्याच संस्थेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड वेगळ्याच कोड्यावर काम करत होते. कोंबड्या अंगणातून शेडमध्ये आल्या, तसे किडे आणि उकिरडा बंद झाले. मका-सोयाबीनवर वाढणाऱ्या पिल्लांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडायचं. त्याचा स्वस्त स्रोत हवा होता.

ऑरिओमायसिन तयार करून उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला. पिल्लं वाढली, पण गंमत म्हणजे बी-१२ मुळे वाढायला हवीत त्याहूनही जास्त. चोथ्यात औषधाचा अंश राहिला होता. १९५० मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला आणि बघता बघता निरोगी जनावरांच्या खाद्यात रोज थोडं थोडं प्रतिजैविक मिसळणं ही सर्रास पद्धत बनली.

प्रयोगात खोट नव्हती. तुलनेसाठी गट होते, वजनं नोंदवली होती. पण मोजलं ते फक्त वजन. आतड्यातल्या जिवाणूंचं काय होतंय, हा प्रश्न त्या तक्त्यात नव्हताच. कमी मात्रा, सतत डोस, एका छताखाली हजारो पक्षी: औषधाला दाद न देणारे जिवाणू निवडून काढायला याहून सोयीची व्यवस्था कुठली?

हा प्रश्न नीट मोजला स्टुअर्ट लेव्ही यांनी. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एका शेतावरच्या काही पिल्लांना टेट्रासायक्लिन मिसळलेलं खाद्य दिलं होतं. आठवड्याभरात त्या पिल्लांच्या आतड्यातले बहुतेक जिवाणू प्रतिरोधक झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जिवाणू प्रतिरोधक निघाले. शेजाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ६.८ टक्के होतं. शेजाऱ्यांचा तो गट नसता, तर या आकड्याला काही अर्थ उरला असता का? विचार करा.

धोरण मात्र सावकाश हललं. ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्येच इशारा दिला होता. स्वीडनने वाढीसाठीचा वापर १९८६ मध्ये थांबवला, युरोपीय संघाने २००६ मध्ये. भारतात कोलिस्टिनवर बंदी आली २०१९ मध्ये. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं हे औषध!

अमेरिकेत १९२५ साली साधारण १.१ किलोची कोंबडी तयार व्हायला ११२ दिवस लागायचे. आज ४७ दिवसांत जवळपास २.९ किलोची होते. याचं श्रेय एकट्या औषधाचं नाही. निवडक पैदास आणि सुधारित खाद्याचा वाटा मोठा आहे. ग्राहकाला चिकन स्वस्त मिळालं, हेही खरं. पण या वेगाला पक्ष्याचे पाय आणि हृदय अनेकदा पुरे पडत नाहीत.

आणि शेतकरी? माझ्या मामाची करारावरची शेड आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधंही तिचीच. शेड, वीज आणि राबणं मामाचं. पैसे मिळतात किलोवर. एकदा मी विचारलं, "मामा, पाण्यात हे कसलं औषध घालतोस?" तो म्हणाला, "बाटलीवरचं नाव इंग्रजीत आहे. तूच वाच." मी वाचलं. ते प्रतिजैविक होतं. शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता.

लेव्हींच्या तक्त्यात 'शेतावर राहणारी माणसं' असा एक गट होता. आमच्याकडे त्या गटात मामा, मामी आणि त्यांची दोन मुलं येतात. तेव्हा उद्या प्रपोजल लिहायला बसाल, तेव्हा 'काय मोजणार' या यादीखाली आणखी एक ओळ लिहा: 'काय मोजत नाही, आणि त्याची किंमत कोण भरणार.' गाईडने खोडली, तरी तुमच्या वहीत ती राहू द्या.